८५ पानी हक्क

इंग्लंडातल्या स्विंडनमध्ये गोव्याची मंडळी बरीच. काही घरांत नवऱ्याच्या खिशात पोर्तुगीज पासपोर्ट, बायकोच्या पर्समध्ये भारतीय. युरोपीय कायदा अशा बायकांवर मेहेरबान होता: युरोपीय नागरिकाची बायको म्हणून सलग पाच वर्षं रीतसर राहा, कायम वास्तव्याचा हक्क आपोआप मिळेल.

आपोआप म्हणजे ८५ पानं.

या हक्काचं कार्ड हवं तर अर्ज करायचा, आणि २०१६मध्ये ब्रिटिश गृहखात्याचा हा अर्ज तेवढ्याच जाडीचा होता. फी अवघी ६५ पौंड. सरकारला पैशांपेक्षा वाचनाचा सोस असावा. पाच वर्षांत देशाबाहेर कधी गेलात, कधी परतलात, सगळं लिहा. म्हापशाच्या भाचीचं लग्नसुद्धा त्यात आलं.

खरी मौज विम्याची. नवरा नोकरीत असेल तर प्रश्न नव्हता. तो विद्यार्थी असेल किंवा शिलकीवर जगत असेल, तर मात्र दोघांचा ‘सर्वसमावेशक’ आरोग्य विमा दाखवायचा. सरकारी दवाखान्यात उपचार फुकट मिळत होते, पण ते हिशेबात धरायला सरकारच तयार नव्हतं! ते धरावेत, असा निकाल युरोपीय न्यायालयाने मार्च २०२२मध्ये दिला. तोवर ब्रिटनला युरोपीय संघ सोडून दोन वर्षं उलटली होती.

आणि ८५ पानं भरून मिळवलेलं कार्ड? ३० जून २०२१नंतर तेही बाद. ब्रिटनमध्ये राहायचं तर त्याआधी पुन्हा अर्ज करायचा होता, या खेपेला ऑनलाइन आणि फुकट. कार्डवाल्यांना त्यात पाच वर्षांचा हिशेब कुणी मागितला नाही. ओळख पटवा, अजून इथेच राहता ना ते सांगा, आणि गुन्हेबिन्हे केले असतील तर कळवा.