मनःशांतीचा धावदोरा

आजी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायची, तेव्हा त्याला काटकसर म्हणत. आता त्याच धावदोऱ्याचं नाव ‘स्लो स्टिचिंग’ झालंय. तो फी भरून शिकतात. सोबत किट मिळतं. त्यात सुई, दोरा आणि मुद्दाम कापलेल्या कोऱ्या करकरीत चिंध्या! (घरच्या चिंध्यांनी ओटा पुसायचा असतो.) आमची ही लोकलमध्ये चौथी सीट मिळाली तरी टाके घालते. कुर्ल्याला सुई तिच्या बोटात, दादरला शेजारणीच्या दंडात. तरी मन शांत होतं म्हणे. आजीचं व्हायचं का, कुणी विचारलंच नाही. दोरा ओठांत ओलावून, एक डोळा मिटून ती सुई ओवायची. थंडीच्या आत पाच पोरांची पांघरुणं व्हायची होती.