स्कोअर विमानात बसत नाही

बेसा-पिपळा रोडवरच्या फ्लॅटचे हप्ते बिनचूक भरून पोराने सिबिल स्कोअर 800 वर नेला. 900 पैकी! मग नोकरीसाठी डॅलसला गेला, आणि तिथल्या क्रेडिट ब्युरोच्या लेखी तो नुकताच जन्मला. स्कोअर कमी नाही, स्कोअरच नाही. बँक म्हणाली, 500 डॉलर अनामत ठेवा, 500 ची मर्यादा घ्या. म्हणजे आपल्याच पैशांच्या आधारावर आपल्यालाच उधारी, आणि फेडायला उशीर झाला तर व्याजही आपणच द्यायचं. (सभ्य भाषेत याला 'सिक्युअर्ड कार्ड' म्हणतात.)

आई फोनवर म्हणाली, "आधी कर्ज घेतलं नाही म्हणून आता देत नाही? अजबच लोकं आहे बापा!"

बरं, तिथून इथलं कार्ड मागावं, तर आपली बँकही 'अनिवासी' म्हणत बहुधा आधी मुदत ठेव मागते.