निळाईचे जतनदार

अमेरिकेतील लहान गावांतून जुन्या रिव्हॉल्व्हरांचा संग्रह करणारे जे निवृत्त गृहस्थ आढळतात, त्यांच्याइतका निरुपद्रवी शस्त्रधारी त्रिभुवनात सापडणे कठीण. ज्या शस्त्राच्या नुसत्या दर्शनाने इतरांची गाळण उडावी, ते हे गृहस्थ सुती हातमोजे चढवून दिव्याखाली तिरपे धरतात, आणि त्यातून सुटलेली गोळी कोणाला लागली यापेक्षा ती सुटताना झिलई कितपत खर्ची पडली, याच चिंतेने व्याकूळ होतात.

आपल्याला जेथे नुसते काळे पोलाद दिसते, तेथे यांना निळाईच्या नाना छटा दिसतात. १९५५ साली कोल्ट कंपनीने आणलेल्या ‘पायथन’ची ‘रॉयल ब्लू’ झिलई पाहताना तर यांचे नेत्र अर्धोन्मीलित होतात. वस्तुतः ही निळाई म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडाचा पातळ थर, अर्थात गंजाचाच सुसंस्कृत भाऊबंद. जुने कारागीर तर पोलाद आधी मुद्दाम गंजवीत, मग उकळत्या पाण्यात तो तांबडा गंज काळा करून घाशीत, आणि हाच विधी पुनःपुन्हा करीत. पण हे यांच्यासमोर उच्चारण्याची सोय नाही. तांबड्या गंजाचा ठिपका दिसला की घरात सुतक पडते. उलट वयोमानाने तपकिरी-जांभळट झालेल्या झिलईला मात्र इनामाच्या सनदेचा मान. म्यानातून काढता-घालता नळीच्या टोकाशी जी झीज होते, ती मृत शिपायाच्या हातून झाली असेल तर इतिहास, स्वतःच्या हातून झाली तर पातक. शिवाय कातड्यातील क्षार आणि ओल झिलईला बाधतात, म्हणून रिव्हॉल्व्हर एका कपाटात आणि म्यान दुसऱ्या कपाटात, असा हा संसार कायमचा विभक्त.

कोणी भाबडा मनुष्य आजोबांचे रिव्हॉल्व्हर नवी झिलई देऊन हौसेने दाखवायला आणतो, तेव्हा पॉलिशच्या चाकाखाली बोथट झालेली अक्षरे आणि स्क्रूंच्या भोकांच्या खचलेल्या कडा यांवर बोट ठेवीत हे गृहस्थ पंचनामा लिहिणाऱ्या फौजदाराच्या स्वरात किंमत निम्म्यावर आणतात. फेरफार करणाऱ्यांवर तर यांचा विशेष राग. पण कोल्टच्याच चाकरीतील जॉन हेन्री फिट्झजेराल्ड यांनी चापाभोवतीच्या कड्याचा पुढचा भाग उडवला, घोड्याचे शिंग छाटले, नळी आखूड केली, आणि ती ‘फिट्झ स्पेशल’ रिव्हॉल्व्हरे आज हेच लोक अव्वाच्या सव्वा दाम मोजून घेतात. तीच कानस एखाद्या अनामिकाने चालवली, तर मुद्देमाल नासला. भेद पापात नसून दप्तरात आहे, असे माझे नम्र मत.

म्हणूनच कारखान्याच्या जुन्या नोंदवह्यांवरून मिळणारा दाखला हा या संप्रदायाचा वेद. क्रमांक कळवून शुल्क भरले की त्या वस्तूची मूळ झिलई कोणती, नळी किती इंची आणि ती कोणत्या साली कोणाकडे रवाना झाली, एवढे कळते. असेच एक गृहस्थ १८७३ च्या नमुन्याचे कोल्ट एका पराक्रमी शेरीफचे म्हणून पाहुण्यांना वर्षानुवर्षे दाखवीत आले होते. दाखला आला. त्यात शेरीफ नव्हता, लोखंडी सामानाच्या एका व्यापाऱ्याकडे गेलेल्या पेटीची रूक्ष नोंद तेवढी होती. गृहस्थांनी चष्मा पुसला, कागद पुन्हा वाचला आणि अत्यंत प्रसन्न मुद्रेने म्हणाले, “मग शेरीफ खरेदीला कुठे जात असेल, असे तुम्हाला वाटते?”