नवशिक्या मिक्सिंगवाल्यांसाठी काही सूचना

सर्वप्रथम नाव ठेवावे. कॅमेरा, विषय, पटकथा या नंतरच्या गोष्टी. आपल्या आडनावापुढे ‘फिल्म्स’ किंवा ‘क्रिएशन्स’ जोडून बोधचिन्ह करून घ्यावे. त्यात पृथ्वी फिरली पाहिजे, वीज कडाडली पाहिजे आणि धुरातून सोनेरी अक्षरे आली पाहिजेत. लघुपट तीन मिनिटांचा असेल तर बोधचिन्हाला पाऊण मिनिट द्यायला हरकत नाही. बघणाऱ्याला पुढे काय आहे याची कल्पना नसते, तोपर्यंतच त्याच्यावर छाप पाडता येते.

त्यानंतर लघुपट न जमण्याचे कारण तयार ठेवावे. ‘पुण्यात असतो तर’ हे चांगले टिकाऊ कारण आहे. प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट निघाली ती पुण्यात, आपल्या बुलढाण्यात नाही, आणि यात आपला काही दोष नाही. नागराज मंजुळ्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट अहमदनगरला शिकत असताना केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ही माहिती मात्र घरच्यांच्या कानावर जाऊ देऊ नये. कारण लगेच कुचकामी होते.

विषय शोधावा लागत नाही. तो लोणारला ठेवलेला आहे. उल्कापाताने बेसाल्टमध्ये पडलेले, जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आणि तळाशी खारे पाणी. काठावर उभे राहून मोबाइल डावीकडून उजवीकडे फिरवावा. काही राहिले असे वाटल्यास उजवीकडून डावीकडे फिरवावा. निवेदनात ‘निसर्गाचा अद्भुत चमत्कार’ हे शब्द किमान दोनदा यावेत. ड्रोन उडवण्याचा विचार असेल तर हे २००० सालापासून अभयारण्य आहे हे लक्षात ठेवून आधी वनखात्याचे दार ठोठावावे. बहुतेकांचा ड्रोन तिथेच खाली उतरतो.

रंगांच्या बाबतीत लोणारने विद्यार्थ्यांची पंचाईत करून ठेवली आहे. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी खरोखर गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून तो रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा असल्याचे सांगितले. तेव्हापासून इथे कोणी कलर ग्रेडिंग शिकताना हात सोडला, आकाश जांभळे नि झाडे निळी केली, की त्याच्याकडे उत्तर तयार असते: निसर्गालाही चालते. चालते खरे, पण निसर्गाने पाणी गुलाबी करताना काठावरच्या माणसांचे चेहरे गुलाबी केले नव्हते. ग्रेडिंग करताना आधी चेहरा बघावा, मग तळे.

दुसरा हुकमी विषय भेंडवळचा. जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावात अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, त्याभोवती धान्ये ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती कुठे सरकली हे पाहून पाऊसपाण्याचे नि पिकांचे भाकीत सांगतात. त्या पहाटे शेतात कॅमेरे इतके असतात की प्रत्येकाच्या फ्रेममध्ये दुसऱ्याचा कॅमेरा येतो. तुम्हीही तिथे उभे राहावे. मात्र ज्याने हे भाकीत ऐकून कपाशी की सोयाबीन हे ठरवले, त्याच्या वावरात पुन्हा दिवाळीत जाऊ नये. तसे केल्यास माहितीपट होतो आणि सुट्टी वाया जाते.

आता यंत्र. मोबाइल पुरतो. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरून, रोज थोडे थोडे चित्रण करून, रोपाची वाढ पडद्यावर दाखवली आणि तेवढ्यावर भांडवल देणारा माणूस पटवला. आपल्या मोबाइलमध्ये टाइमलॅप्सचे बटण आहे, पण पटवायचा माणूस बाबा असल्यामुळे काम अवघड आहे. फोन सहसा सेकंदाला ३० फ्रेम टिपायला ठेवलेला असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून काही ट्यूबलाइटी आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्यांना ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते आणि चित्रावर पट्टे सरकू लागतात. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवले की बहुतेक वेळा पट्टे जातात. ज्याला हे सांगायचे नसेल त्याने पट्ट्यांना ‘रेट्रो लुक’ म्हणावे. एप्रिल-मेच्या उन्हात फोन तापून आपोआप बंद पडतो, तेव्हा त्याला ओल्या फडक्यात न गुंडाळता सावलीत ठेवावे आणि तोवर पटकथा लिहावी. पटकथा लिहिण्याची वेळ एवढीच.

आवाजाबद्दल काही करू नये. नवशिक्याचे हे पहिले तत्त्व आहे. १२ जानेवारीला सिंदखेडराजात जिजाऊंच्या जन्मोत्सवाला जाऊन, भोंग्यापासून हातभर अंतरावर उभे राहून मुलाखत घ्यावी. माणसाचे ओठ हलतील, भाषण भलत्याचेच ऐकू येईल. दहा रुपयांचा पंखा आणि आकाशवाणीचा उद्घोषक यांतला फरक मायक्रोफोनला कळत नाही, तो जवळ असेल त्याचे ऐकतो. म्हणून कॉलरला लावायचा साधा माइक घेतला तर अडचण अशी होते की बोलणारा काय बोलतोय ते समजायला लागते.

खरे शिक्षण मात्र तालुक्याच्या बाजारपेठेत, झेरॉक्सच्या वर, जिन्याला दोरी बांधलेल्या खोलीत मिळते. पाटीवर लिहिलेले असते: फोटो, व्हिडिओ शूटिंग, मिक्सिंग. कॉलेजातले ‘एडिटिंग’ म्हणतात, तिथे ‘मिक्सिंग’ म्हणतात, आणि पैसे मिक्सिंगचे मिळतात. लग्नसराईत तिथे बसायला मिळाले तर जावे. संगणकावर संकलनासाठी बहुधा एडियस असते आणि खुर्चीला एक हात नसतो.

लग्नाचा व्हिडिओ कोणी चित्र बघायला लावत नाही, हे तिथे पहिल्या आठवड्यात कळते. तो हजेरीपट असतो. कोण आले, कोणत्या पंक्तीला बसले, रुखवतात काय मांडले होते, आहेर कोणी दिला, मामाने फेटा बांधून घेताना तोंड कसे केले, हे सगळे त्यात पुराव्यादाखल लागते. शिकाऊ मुलगा कॉलेजातून ताजा आलेला असतो. लय, गती वगैरे डोक्यात असते. तो पंक्तीचे दृश्य अकरा मिनिटांचे दीड मिनिटांवर आणतो आणि अभिमानाने मागे वळतो. दुकानमालक स्क्रीनकडे बघतो आणि विचारतो,

“नवरदेवाची मावशी कुठं गेली बे?”

“भाऊ, ती नुसती बसून होती. काही करत नव्हती.”

“ते काही नाही करत म्हणूनच महाग आहे. तिनं पाच भांडे देल्ले. तिले कापशीन त हिशेब तू देशीन काय?”

संकलनाचा इतका नेमका धडा मला कुठल्या पुस्तकात मिळालेला नाही. कट म्हणजे कोणाला तरी बाहेर काढणे, आणि बाहेर काढलेला माणूस दुकानाच्या जिन्यावर येतो. फीचर फिल्मच्या संकलकाला ही सोय नसते. त्याने कापलेले पात्र फार तर नट असते, तो फोनवर रुसतो. मावशी मात्र प्रत्यक्ष येते, सोबत मोठ्या सुनेला आणते आणि पुढच्या वर्षी तिच्या मुलाच्या लग्नाची ऑर्डर समोरच्या दुकानाला जाते.

म्हणून मावशी ठेवायची आणि तरीही दृश्य लांबू द्यायचे नाही, अशी कसरत करावी लागते. तिथे शिकाऊ मुलगा नकळत जे-कट शिकतो. मंगलाष्टक संपायच्या आत पुढच्या दृश्यातला वाजंत्रीचा आवाज सुरू करायचा, चित्र मात्र अजून मावशीच्या चेहऱ्यावर राहू द्यायचे. चिखलीच्या स्टँडवर एसटी वळणावरून दिसायच्या आधी हॉर्न ऐकू येतो आणि लोक पिशव्या उचलतात, तसा बघणारा पुढच्या दृश्यासाठी आधीच उठून बसतो. मावशीला तीन सेकंद मिळाले, पण तिला वाटते तीस मिळाले. हृदयाच्या आकारातून उघडणारे ट्रान्झिशन यासाठी लागत नाही. ते वापरू नये असे मी म्हणत नाही, नवरीचे वडील खास मागतात.

संगणक आणि संकलनाच्या सॉफ्टवेअरविषयी थोडक्यात. दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती उत्तम आहे, पण तिला रॅम लागते. केडेनलाइव्ह जुन्या यंत्रावरही निभावते. फोर-केमध्ये चित्रण केल्यास मिनिटाला साडेतीनशे एमबीच्या आसपास जागा जाते, म्हणजे तासाभराच्या हळदीला वीस जीबी. संगणक अडखळू लागला की फुटेजच्या हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, करून त्यांवर काम करावे. न केल्यास प्ले दाबून चहा पिऊन येता येतो, हा फायदा आहे. शेवटी रेंडर लावल्यावर लाइट जाण्याची वाट पाहावी. ती साधारण नव्वद टक्क्यांच्या पुढे जाते.

पार्श्वसंगीताला सिनेमाचे गाणे टाकू नये. यूट्यूबचे यंत्र ते काही मिनिटांत ओळखते. त्यापेक्षा खामगावच्या जिनिंगमध्ये जाऊन, विचारून, सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांचा आवाज रेकॉर्ड करावा. त्यावर कोणत्याही संगीत कंपनीचा हक्क नाही, आणि ताल बऱ्याच गाण्यांपेक्षा पक्का असतो.

झाले. आता लघुपट सरांकडे जमा करायचा. फाइल पाच जीबीची, पेनड्राइव्ह बत्तीसचा, रिकामी जागा भरपूर, तरी तो ‘फाइल फार मोठी आहे’ म्हणून नकार देतो. यात जातीपातीचे काही नाही. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने आखलेला असतो आणि त्यात चार जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा. फॉरमॅट केल्यावर आतले सगळे पुसले जाते, तेव्हा पेनड्राइव्ह काकांचा असेल तर त्यात सातबारा आणि पीकविम्याचे कागद आहेत का, हे त्यांना जेवणाच्या आधी विचारावे. जेवणानंतर ते झोपतात.