लाईन आली का?

धाराशिव जिल्ह्यात कुणी 'लाईन आली का?' असं विचारलं, की घाईनं उत्तर देऊ नये. आधी विचारणाऱ्याच्या हाताकडं बघावं. बॅटरी असली तर विजेची चौकशी आहे, घागर असली तर नळाची. हात रिकामे आणि नजर कॉलेजच्या फाटकाकडं असली, तर आपण मध्ये पडू नये.

इंग्रजीत या शब्दाचा साधासुधा अर्थ सरळ रेघ. नेमका तेवढ्यालाच आम्ही तो वापरत नाही. त्याला आमची रेघ आहे. शाळेत रेघ मारली तर शाबासकी, लाईन मारली तर पालकांना बोलावणं.

बाकी सगळ्याला लाईन. त्यातही मान विजेच्या लाईनीचा. शेताला थ्री फेज पाळीपाळीनं मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. कळंबकडचे आमचे मामा पौषातल्या थंडीत कानाला मफलर गुंडाळून हरभऱ्याला पाणी द्यायला जातात. एका रात्री त्यांनी लाईनमनला फोन लावला.

"आण्णा, काय करलालाव? लाईन कवा येणार?"

"लाईनवरच चढलोय मामा. वरून लाईन नाही."

"मग पलीकडच्या शिवारात कशी हाय?"

"ती लाईन येगळी. थांबा, दुसरी लाईन येलालीय, धरा जरा."

मामांनी धरली, आणि ती तुटली. फोनची का मोटारीची, असं मामींनी घरी विचारलं तर म्हणाले, "दोन्ही."

जिल्ह्यात कलेक्टर बदलले की पेपरात बातमी येते. लाईनमन बदलला की पारावर बैठक बसते.

रेल्वेच्या लाईनीचं दुखणं जुनं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं अडीच फुटी रुळांची बार्शी लाईट रेल्वे काढली, ती १८९७ साली बार्शीपर्यंत धावली आणि १९११ पर्यंत लातूरला पोचली. वाटेत येडशी लागलं, तडवळं लागलं. जिल्ह्याचं गाव तेवढं राहिलं. गाडी धरायची तर येडशी गाठा. पुढं रूळ रुंद करताना मार्ग वळवला आणि २००७-०८ मध्ये गावाला स्टेशन मिळालं. म्हणजे शंभर वर्षं आम्ही लाईन मारली, तेव्हा कुठं तिनं लाईन दिली. आता सोलापूर-तुळजापूर-धाराशिव अशी ८४ किलोमीटरची नवी लाईन होते आहे. तिला मंजुरी २०१९ ची. 'आमची दोन एकर लाईनीत गेली' हे वाक्य रडून म्हणायचं की हसून, ते मावेजा खात्यावर पडला का यावर ठरतं.

तुळजापुरात लाईन म्हटलं की दर्शनाची. धर्मदर्शनाची वेगळी, मुखदर्शनाची वेगळी. कर्नाटकातून पायी आलेली म्हातारी तासन्‌तास तिथं शांत उभी असते. तिच्या बाजूनं कडक इस्त्रीचा एक जण 'आपली लाईन आहे आत' असं म्हणत सरकतो. आई दोघांनाही दर्शन देते. मी तिच्या जागी असतो तर दुसऱ्याला जरा ताटकळत ठेवलं असतं.

सोयरीक जमवतानाही हा शब्द लागतो. 'पोरगं कोणत्या लाईनीत हाय?' डॉक्टरकी, मास्तरकी, पोलीस भरती या झाल्या लाईनी. शेती करणाऱ्याला 'अजून लाईन धरली नाही' म्हणतात. त्याच्या नावावर दहा एकर असो, दोन विहिरी असोत. वर शिवारभर पाईपलाईन असली तरी सोयरे हलत नाहीत. हे मला अजून पटलेलं नाही.

यात सगळ्यात लबाड ऑनलाईन. लाईन संपवायला आलेली ही बया स्वतःच्या दारात केवढी लाईन लावून बसली! आमची मावशी अंगठा द्यायला सकाळीच जाऊन उभी राहिली. पुढं तीस बाया. दुपारी तिचा नंबर आला, मशीनवर अंगठा टेकला आणि लाईन गेली. उन्हानं मावशीला भोवळ आली. पोरांनी उचलून दवाखान्यात नेलं. आमच्याकडं सलाईन लावल्याशिवाय आजारी पडल्याचं समाधान मिळत नाही. डॉक्टरांनी एक लावली, मावशीनं आग्रहानं दुसरी लावून घेतली. संध्याकाळी भाची भेटायला गेली तर मावशी उशीला टेकून चहा पीत होती.

"आता बरी हाईस का गं?"

"आले बघ लाईनवर. पण अंगठा ऱ्हायलाच की! उद्या तू जाऊन माझा नंबर धर."