ऑल्सनकाका

कॉलेज बेसबॉलचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो. ऑल्सनकाकांचा जानेवारीतच सुरू झालेला असतो, कारण काळजी करायला मैदान लागत नाही. वाणसामानाच्या दुकानात कांदे निवडता निवडता ते ओळखीच्या माणसाला गाठतात आणि हलक्या आवाजात विचारतात, "त्या डावखुऱ्याचं कोपर कसं आहे म्हणे?" डावखुरा एकोणीस वर्षांचा, कोपर धडधाकट. पण काकांच्या चेहऱ्यावरून समोरच्याला वाटावं, पोराला आयसीयूत हलवलंय.

ऑल्सनकाका हे नाव मी ठेवलेलं. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या बेसबॉल मैदानाचं नाव ऑल्सन फील्ड. १९७८ सालचं. पुढे त्या नावाला ब्लू बेल आइस्क्रीमचंही नाव जोडलं गेलं. काका तो भाग उच्चारत नाहीत. आइस्क्रीम मात्र खातात. आणि काका म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. ती जमात आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत जिथे जिथे कॉलेज बेसबॉल मनावर घेतात तिथे तिथे ती सापडते. लुइझियानात बॅटन रूजला, आर्कान्सात फेएटव्हिलला. मिसिसिपीतल्या स्टार्कव्हिलला या मंडळींनी १९६०च्या दशकात डाव्या कुंपणामागे आपापले ट्रक लावून, मांस भाजत सामने बघायला सुरुवात केली आणि त्या धुराची पुढे परंपरा झाली. टेक्सास ए अँड एमच्या गावचे, म्हणजे कॉलेज स्टेशनचे, काका त्या मानाने सोवळे. म्हणजे खातात सगळं, पण सामना चालू असताना चव लागत नाही म्हणतात.

वय सत्तरीच्या आगेमागे. डोक्यावर मरून टोपी, बोटात विद्यापीठाची सोन्याची अंगठी, अंगठीवर पदवीचं साल. स्वतःची ओळख करून देताना ते साल आडनावासारखं नावाला जोडतात. भेटल्यावर "हाउडी" म्हणतात आणि समोरच्यानेही "हाउडी" म्हणेपर्यंत हात सोडत नाहीत. माझ्यासारख्या, पुण्याहून एम.एस. करायला आलेल्या आणि बेसबॉलमधलं ओ की ठो न कळणाऱ्या पोराला त्यांनी शेजारी बसवून घेतलं ते काही माझ्या गुणांमुळे नव्हे. पलीकडच्या सगळ्यांना त्यांची मतं पाठ झाली होती.

आठवड्यात एका पाहुण्या संघाशी तीन सामने: शुक्रवार, शनिवार, रविवार. संघातला सगळ्यात भारी पिचर शुक्रवारी टाकतो, त्यामुळे शुक्रवार हा मोठा दिवस. सामना संध्याकाळी सहाचा असला तरी काका साडेचारला फाटकावर हजर, कार्यालयाचं कुलूप उघडायच्या आधी येऊन उभ्या राहिलेल्या वधूपित्यासारखे. हवेत गारवा आहे, फुलं येतील ना, गुरुजी वेळेवर पोचतील ना, सगळं त्यांनाच बघायचंय. आत गेल्यावर पहिली नजर झेंड्याकडे. वारा आतल्या बाजूला असला तर "आपले फटके अडणार", बाहेरच्या बाजूला असला तर "त्यांचे उडणार". वारा पडलेला असला तर काही क्षण त्यांची पंचाईत होते. मग ते म्हणतात, "दमट आहे."

स्टेडियममध्ये पारदर्शक पिशवीच न्यायची असा इथला नियम. सुरक्षेसाठी केलेला, पण परिणाम असा, की काकांची सारी प्रकृती वाटेवरच्या हरेक माणसाला वाचता येते. पित्ताच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या, गुडघ्याला चोळायचं मलम, उन्हाचं क्रीम, खिशातला रेडिओ, त्याचे जास्तीचे सेल, आणि या सगळ्याच्या वर, लग्नपत्रिकेसारखी जपलेली, स्कोअरची वही. बगलेत बसायची उशी. रेडिओ कशाला, मैदान समोर आहे की, असं मी विचारलं होतं. "समोर दिसतं ते खरंच झालं का, ते कळायला," असं उत्तर मिळालं.

वहीबद्दल जरा सांगायला हवं. बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षकांना आकडे असतात: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, आणि मागे डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. चेंडू शॉर्टस्टॉपने उचलला, दुसऱ्या बेसवाल्याकडे फेकला, त्याने पहिल्याकडे, आणि एका दमात दोन गडी गेले, की वहीत '६-४-३'. बॅट फिरवून बाद झाला तर सरळ 'के'. नुसता बघत उभा राहून बाद झाला तर उलटा 'के', आणि काका तो उलटा 'के' असा काढतात, की त्या पोराच्या आईने बघितला तर रडेल. लिहायचं पेन्सिलनेच. कारण अधिकृत स्कोअरर मागाहून मन बदलतो आणि हिटची चूक ठरवतो, चुकीची हिट. काका खोडतात, पण आपलं मूळ मत समासात बारीक अक्षरात ठेवून देतात. घरी अशा वह्यांचं एक कपाट आहे. ते पुढे कोणाला मिळणार यावरून मुलांमध्ये वाद आहे. कोणालाच नकोय.

कॉलेजात बॅट धातूची. लाकडाचा 'ठक्' नाही, भांड्यावर डाव आपटावा तसा 'टिंग'. या 'टिंग'वरून काका डोळे मिटून सांगतात: हा कुंपणापर्यंत जाणार, हा हातात बसणार. दहापैकी आठ वेळा बरोबर येतं. शेजारी बसलेल्या काकूंनी "पाण्याची बाटली द्या" असं तीनदा म्हटलेलं मात्र त्यांना ऐकू येत नाही.

काकू विणकाम घेऊन येतात. सामन्याकडे त्या बघतात असं वाटत नाही. पण सातव्या डावात आपला पिचर दमला, की सुया न थांबवता एवढंच म्हणतात, "बदला आता त्याला." काका लगेच आकडेवारी काढतात: त्याचे अजून ऐंशीच चेंडू झालेत, समोरचा फलंदाज डावखुरा आहे, मागच्या शुक्रवारी त्याने शंभर टाकले होते. तेवढ्यात 'टिंग' होतो आणि चेंडू कुंपणापार जातो. काका चेंडूकडे बघतात, प्रशिक्षकाकडे बघतात, स्कोअरबोर्डाकडे बघतात. काकूंकडे सोडून सगळीकडे बघतात.

पंचांशी त्यांचं वागणं हा वेगळा विषय. या विद्यापीठाला लष्करी शिस्तीचा वारसा आहे, छात्रांची कोअर आजही गणवेशात फिरते, त्यामुळे 'सर' शब्द काकांच्या तोंडातून जात नाही. संतापाने कानशिलं लाल झालेली, मानेची शीर टम्म फुगलेली, आणि ओरडतात काय, तर "सर, तो स्ट्राइक होता, सर!" याहून खालच्या पातळीवर उतरायचं काम २०३ क्रमांकाच्या विभागातले विद्यार्थी करतात. ती पोरं पाहुण्या खेळाडूंचा अभ्यास करून येतात, परीक्षेचा करत नसतील इतका. काका मान हलवून "आमच्या वेळी असं नव्हतं" म्हणतात आणि पुढचं वाक्य नीट ऐकू यावं म्हणून रेडिओचा आवाज कमी करतात.

त्यांची प्रतिष्ठा गळून पडते ती एकाच वेळी. पाहुण्या पिचरचे चार चेंडू बाहेर गेले, की फलंदाजाला फुकट पहिला बेस मिळतो. चारावर हिशेब संपला. पण ऑल्सन फील्डवर तो संपत नाही. पुढच्या फलंदाजाला पहिला चेंडू पडायच्या आत अख्खं स्टेडियम ओरडतं, "बॉल फाइव्ह!" तोही बाहेर गेला तर "बॉल सिक्स!" स्ट्राइक पडेपर्यंत ही मोजणी चालते. मैदानाच्या मधोमध एकटा उभा असलेला परगावचा पोरगा, आणि हजारो माणसं त्याला अंकगणित शिकवताहेत. या वेळी काका उभे राहतात, वही खुर्चीवर, गुडघा विसरलेला. एकदा मोजणी आठाच्या पुढे गेली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मधूनच शेजारच्या रुळांवरून मालगाडी जाते. या गावाला नावच मुळी रेल्वेच्या थांब्यावरून मिळालं, त्यामुळे गाडीचाही सामन्यावर हक्क आहे असं सगळे मानतात. भोंगा वाजला की टाळ्या पडतात. काकांचं म्हणणं, गाडी गेल्यावर आपली धाव होते. वहीत त्यांनी तशी नोंद ठेवायला घेतली होती. पुढे सोडून दिली. का, ते सांगत नाहीत.

मी त्यांना एकदा क्रिकेट समजावलं.

"पाच दिवस?"

"हो काका."

"आणि पाचव्या दिवशीही निकाल नाही?"

"कधी कधी नाही लागत."

ते बराच वेळ गप्प बसले. मग काकूंकडे एक नजर टाकून हळूच म्हणाले, "आणि घरी काही म्हणत नाहीत?"

त्या असूयेतूनच असावं, पण त्यांनी मला २००९ सालच्या मे महिन्यातला तो सामना सांगितला. नऊ डावांचा खेळ पंचवीस डाव चालला. सात तास तीन मिनिटं. ऑस्टिन वुड नावाच्या पिचरने मध्येच येऊन तेरा डाव टाकले, त्यातले बारा आणि वर एक गडी होईस्तोवर समोरच्या बॉस्टन कॉलेजला एकही हिट दिली नाही. सांगताना आवाज भरून आला. जिंकलं कोण म्हणून मी विचारलं, तर उत्तराला तब्बल अर्धा डाव लागला. कारण जिंकलं होतं टेक्सास विद्यापीठ, म्हणजे ऑस्टिनवाले, म्हणजे ज्यांचं नाव काका घरात काढू देत नाहीत. "तीन-दोन," एवढंच ते म्हणाले आणि शेंगा सोलू लागले.

या ऑस्टिनचं दुखणं जुनं आहे, पण २०२४ मध्ये त्यात भर पडली. कॉलेज बेसबॉलची अखेरची लढाई १९५० पासून नेब्रास्कातल्या ओमाहाला होते आणि टेक्सास ए अँड एमने ती आजवर एकदाही जिंकलेली नाही. त्या वर्षी जिंकायचीच होती. आधीच्या फेरीत ब्रेडन माँटगोमेरी, संघातला मोठा फटकेबाज, होम प्लेटकडे घसरताना घोटा मोडून बसला, तरी पोरं अंतिम फेरीला पोचली. टेनेसीविरुद्ध पहिला सामना जिंकला, दुसरा हरला, तिसरा गेला सहा-पाच. एका धावेने. हे दुःख काका पेलू शकले असते. हरायची त्यांना सवय आहे, तिच्यासाठी पिशवीत गोळ्या असतात. पण दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षक जिम श्लॉसनेगल ऑस्टिनला गेला. सहलीला नव्हे, नोकरीला. पुढच्या हंगामाआधीच्या क्रमवारीत ए अँड एम पहिल्या क्रमांकावर होतं. त्या २०२५ च्या हंगामात संघाला राष्ट्रीय स्पर्धेत जागासुद्धा मिळाली नाही. "पहिला नंबर दिला तेव्हाच मी म्हणालो होतो," काका सांगतात. खरोखर म्हणाले होते. दर वर्षी म्हणतात.

या सगळ्याला कुणी त्यांना हसतं, मीही हसतो. पण एक हिशेब बघा. इथला पोरगा तीन वर्षं झाली किंवा एकवीस पूर्ण झाली, की व्यावसायिक संघ त्याला उचलू शकतात. जो उरतो तो ट्रान्सफर पोर्टलमधून दुसऱ्या विद्यापीठात जातो. माँटगोमेरीसुद्धा स्टॅनफर्डमधून असाच आलेला. प्रशिक्षकाचं तर सांगितलंच. अकरा पूर्णांक सात शिष्यवृत्त्या सत्तावीस पोरांत वाटायचा नियम वर्षानुवर्षं होता, आणि त्याचं त्रैराशिक काका झोपेत मांडायचे, तो नियमही आता बदलला. १९७८ पासून संघात टिकून राहिलेले एकटे काका. कोणता पोरगा कुठून आला, आधीचा कुठे गेला, सात नंबरची जर्सी आधी कोणी घातली होती, हे त्या पोरांना माहीत नसतं. काका सांगायला जातात. पोरं "येस सर" म्हणतात आणि कानात इअरफोन घालतात.

आता राहिला माझा खोलीतला मित्र. मूळचा सदाशिव पेठेतला, नजर तीक्ष्ण, जीभ त्याहून. मी त्याला एका शुक्रवारी नेला. सातवा डाव चालू होता, पाहुण्यांना आमच्या पिचरने एकही हिट दिलेली नव्हती. अशा वेळी त्याबद्दल ब्र काढायचा नाही, हा बेसबॉलमधला सगळ्यात कडक सोवळ्याचा नियम. डगआउटमध्ये त्या पिचरच्या शेजारीही कोणी बसत नाही. काकांनी पेन्सिल ठेवून दिली होती, काकूंच्या सुया थांबल्या होत्या, २०३ विभागसुद्धा सभ्य झाला होता. आणि आमच्या मित्राने स्कोअरबोर्ड वाचून खणखणीत आवाजात विचारलं, "अरे, यांना अजून एकही हिट नाही?"

टिंग.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी शेंगांची पुडी, जी इतका वेळ मित्राकडे सरकवलेली होती, परत आपल्याकडे ओढली.

तो सामना आम्ही आठ-सातने हरलो. गाडीपर्यंत चालताना रेडिओवर सामन्याची चिरफाड चालू होती आणि काका रेडिओचीच करत होते. वाटेत मित्र पुढे गेल्याचं बघून त्यांनी माझा दंड धरला.

"मंगळवारी सामना आहे. छोटा संघ आहे, पण अशांकडूनच आपण हरतो आणि मग क्रमवारीत घसरतो. येशील ना?"

"येतो काका."

"स्वेटर आण. आणि हे बघ, तुझा मित्र चांगला मुलगा आहे, हुशार आहे, मला फार आवडला. त्याला मंगळवारी लायब्ररीत बसव."