दोनशे मेगापिक्सेलचा गृहस्थ

२०२४च्या जानेवारीत माझ्यापुढे एक मोठा प्रश्न उभा राहिला. मोठा म्हणजे १,२९,९९९ रुपयांचा. सॅमसंगचा गॅलेक्सी एस२४ अल्ट्रा तेवढ्याला मिळत होता. दुसरा उमेदवार गूगलचा पिक्सेल ८ प्रो. तो आदल्या ऑक्टोबरात आलेला, किंमत १,०६,९९९. वरचा एक रुपया दोन्ही कंपन्यांनी उदारपणे माझ्यासाठी सोडला होता. सोनं तेव्हा तोळ्याला साठ हजारांच्या पुढे होतं, त्यामुळे आमच्या घरात या विषयावर बोलताना रुपये वापरातून गेले. "अहो, दोन तोळे खिशात घालून पीएमटीत चढणार का?" एवढाच मुद्दा बायकोने मांडला आणि ती भाजी निवडायला बसली.

इतका महागडा फोन मला कशाला हवा, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं; कारण होतं. जन्मभर मी प्रत्येक वस्तू 'अगदी तशीच, पण स्वस्तातली' घेत आलो. स्कूटर तशीच, फ्रीज तसाच, गॉगल तर इतका तसाच की जवळून पाहिल्याशिवाय कळायचं नाही. साठी ओलांडल्यावर वाटलं, एकदा तरी 'ती'च वस्तू घ्यावी. जिच्यासारख्या इतर असतात, ती.

मग मी अभ्यास सुरू केला. बॅटरी ५००० की ५०५०, वजन २३२ ग्रॅम की २१३, चार्जर खोक्यात आहे का (दोन्हींत नाही). माझा भाचा संगणकातला. तो पिक्सेलवाला. त्याने मला व्हिडिओ पाठवले. त्यांत काही धडधाकट तरुण नवे कोरे फोन चाव्यांनी ओरबाडत, जमिनीवर आपटत आणि पाण्यात बुडवत होते. ही सगळी कामं माझ्या हातून आपोआप होतात, त्यासाठी वेगळी परीक्षा कशाला, हे मला कळलं नाही. प्रोसेसरच्या शर्यतीत सॅमसंगचा स्नॅपड्रॅगन गूगलच्या टेन्सरला मागे टाकतो, यावर मात्र सगळ्यांचं एकमत दिसलं. मी फोनवर करतो काय? सुप्रभात पाठवतो, आलेलं सुप्रभात पाहतो, विजेचं बिल भरतो. त्यात अर्धा सेकंद वाचला तर तो ठेवायचा कुठे?

जाहिराती वाचता वाचता हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. हे दोन फोन म्हणजे माझ्याविषयीचे दोन समज आहेत.

सॅमसंगच्या मते मी कर्तबगार आहे. माझ्या फोनची कड टायटॅनियमची हवी, कारण माझं आयुष्य तसं धकाधकीचं आहे. मला पेन हवं, कारण वाटेत कुठेही मला करारमदारांवर सही करावी लागू शकते. हे पेन २०११ साली गॅलेक्सी नोट नावाच्या फोनाबरोबर आलं. त्या फोनचा पडदा ५.३ इंचांचा होता, आणि एवढं मोठं धूड कानाला कोण लावणार म्हणून तेव्हा लोक हसले होते. अल्ट्राचा पडदा ६.८ इंचांचा आहे आणि कुणी हसत नाही. माझा व्यवहार जगभर चालतो असंही कंपनी धरून चालते. फोनवर बोलता बोलता भाषांतर करून देणारी एक सोय या मॉडेलबरोबर आली. सुरुवातीला तिच्यात तेरा भाषा होत्या. कोरियन, थाई, व्हिएतनामी, पोलिशसुद्धा. हिंदी होती, मराठी नव्हती. म्हणजे वॉर्सातल्या एखाद्या व्यापाऱ्याला मी जरूर फोन करावा, फक्त हिंदीतून बोलावं. आता माझं हिंदी पुण्यात तयार झालेलं. "हम उद्या कळवेंगे" या वाक्याचं पोलिशमध्ये काय झालं असतं, आणि त्यावर त्या सज्जन माणसाने काय पाठवून दिलं असतं, या कल्पनेनेच मी ती सोय वापरायची नाही असं ठरवलं.

आणि चंद्र. शंभर पट झूम. सॅमसंगचा हा अगदी मानाचा प्रयोग. मार्च २०२३मध्ये एका चौकस माणसाने गंमत केली. चंद्राचा चांगला फोटो घेतला, मुद्दाम धूसर केला, संगणकाच्या पडद्यावर लावला आणि दिवे घालवून लांबून सॅमसंगच्या आदल्या अल्ट्राने त्याचा फोटो काढला. मूळ चित्रात नसलेली विवरं फोनने काढलेल्या फोटोत आली! कंपनीने मग समजावून सांगितलं, की समोर चंद्र आहे हे फोन ओळखतो आणि तपशील खुलवतो. बराच गदारोळ झाला. मला त्यात फसवणूक दिसेना. चंद्र आपल्याला एकच बाजू दाखवतो आणि ती आता सगळ्यांच्या ओळखीची आहे. फोनला ती पाठ असली तर बिघडलं काय? बायकोची संकष्टी असते. कॅलेंडरमधली चंद्रोदयाची वेळ टळून जाते आणि चंद्र समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागे अडकलेला असतो. तेव्हा मला वाटलं, या फोनने तेवढ्यात दर्शन उरकून घेता येईल. तिला विचारलं. ती म्हणाली, "फोनातल्या चंद्रावर फोनातलेच मोदक." विषय संपला. तसाही टाकीमागचा चंद्र बाहेर काढणं शंभर पटीच्या झूमलाही जमत नाही.

दोनशे मेगापिक्सेलचंही सांगून टाकतो. अल्ट्राच्या मुख्य कॅमेऱ्यात दोनशे मेगापिक्सेल, पिक्सेलच्या कॅमेऱ्यात पन्नास. हे आकडे ऐकून माझी छाती आधी चौपट फुगली. पण नेहमीच्या वापरात सॅमसंग सोळा बिंदूंचा मिळून एक करतो आणि गूगल चारांचा एक. दोन्हीकडून हाती येतो तो बारा-साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो. मुद्दाम सांगितलं तर पूर्ण आकाराचा काढतात, पण घरात कोण सांगतो! दोनशे हे माझ्या पदवीच्या प्रमाणपत्रासारखं आहे: आहे, कपाटात आहे.

आता गूगल. गूगलच्या मते मी माणूस चांगला आहे, पण गबाळा आहे.

पिक्सेलची प्रत्येक सोय या एका ठाम समजातून निघालेली. मी फोटो काढीन तेव्हा मागे कुणीतरी परका माणूस येणारच, म्हणून तो पुसायची सोय. मी व्हिडिओ काढीन तेव्हा आवाजाचा गोंधळ होणारच, म्हणून आवाज वेगवेगळे करून हवा तो कमी करायची सोय. ही दुसरी भाच्याने मला एका लग्नाच्या व्हिडिओवर करून दाखवली. फोनने बोलणं, संगीत, गर्दी असे आवाज निवडून पट्ट्या मांडल्या. त्याने संगीताची पट्टी खाली ओढली, सनई विरत गेली. गर्दीची ओढली, हॉल शांत झाला. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा मंगलाष्टकांच्या मागे चाललेलं आमच्या मंडळींचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं. "श्रीखंड संपेल, लवकर खाली चला." नवरा-नवरी समोर उभी असताना हे वाक्य ज्या गंभीर आवाजात उच्चारलं गेलं, तो माझाच होता. भाच्याने गर्दी पुन्हा वर केली.

सगळ्यांत भारी सोय म्हणजे घोळक्याच्या फोटोची. लागोपाठ चार-पाच फोटो काढायचे. मग फोन एकेका चेहऱ्यावर गोल करतो आणि विचारतो, यांचा कोणता चेहरा घेऊ? या फोटोतले मिटलेले डोळे त्या फोटोतल्या उघड्या डोळ्यांनी बदलता येतात. आमच्या कुटुंबात असा एकही फोटो नाही ज्यात सगळे एकाच वेळी कॅमेऱ्याकडे पाहताहेत. धाकटे काका तर फोटो म्हटलं की रेशनकार्डावर लावायचा असावा असा चेहरा करतात. ही सोय त्यांना हसवू शकते. पण एका अटीवर. त्या चार-पाच फोटोंत त्यांनी एकदा तरी हसायला हवं. फोन हसू बाहेरून आणत नाही, त्याच माणसाचं, दोन सेकंदांमागचं आणून लावतो. यावर खोटेपणाचा आरोप करणारे आहेत. माझं मत असं, की फोटोग्राफर "जरा हसा" म्हणायचा आणि आपण हसायचो, तेव्हाही ते आतून आलेलं नव्हतंच. उलट इथे ते निदान कुणीतरी दुसरंच काही बोलल्यावर चुकून फुटलेलं असतं.

तापमापक मात्र मला पचला नाही. पिक्सेल ८ प्रोच्या पाठीवर वस्तूचं तापमान मोजणारा सेन्सर आहे. पाच सेंटिमीटरच्या आत फोन धरायचा. तवा तापला का, बाळाच्या बाटलीतलं दूध जास्त गरम तर नाही ना, हे त्यातून कळावं असं गूगलने स्वतःच सुचवलं होतं. आमच्या घरात विरजण लावायचं दूध कोमट झालं की नाही हे करंगळी सांगते आणि दही कधी बिघडल्याचं आठवत नाही. लाखाचा फोन वाफाळत्या पातेल्यावर धरणारा माणूस गबाळा नाही, शूर आहे. गूगलची इथे माणूस ओळखण्यात चूक झाली.

हे दोघे एकमेकांचे वैरी आहेत अशा थाटात भाचा बोलायचा, म्हणून मी आणखी खोलात गेलो, तर नातं निघालं. टेन्सर जी३ ही पिक्सेलची चिप गूगलने आखली, पण घडली सॅमसंगच्या कारखान्यात. सॅमसंगने ज्या समारंभात एस२४ दाखवला, त्यातच पडद्यावर गोल करून शोधायची नवी युक्ती मिरवली. ती गूगलची, आणि महिनाअखेरीस ती दोघांच्याही फोनांवर एकदमच आली. अँड्रॉइड तर मुळात गूगलचं. त्यातही गंमत आहे. अँड्रॉइड जेव्हा अँडी रुबिन आणि मूठभर माणसांची छोटी कंपनी होती, तेव्हा रुबिन ते घेऊन सोलला सॅमसंगकडे गेले होते आणि तिथल्या साहेबमंडळींनी हसून वाटेला लावलं, असं पत्रकार फ्रेड व्होगेलस्टीन यांनी लिहिलं आहे. २००५ साली ती कंपनी गूगलने विकत घेतली. एकूण दोघे व्याही आहेत. लग्नात मानपानावरून रुसतात, पण पंगत एकच.

शिवाय दोघांनीही एक वचन अगदी सारखं दिलं आहे: सात वर्षं अपडेट. पिक्सेलला २०३०पर्यंत, अल्ट्राला २०३१पर्यंत. (सॅमसंगच्या एआय सोयींपुढे मात्र बारीक अक्षरात '२०२५ अखेरपर्यंत मोफत' असं होतं. आम्ही बँकेत नोकरी केलेली माणसं, बारीक अक्षर आधी वाचतो.) भाच्याला सात वर्षं म्हणजे काहीच नाही, तो दोन वर्षांत फोन बदलतो. मी मात्र बोटं मोजली. २०३१ साली मी सत्तरीच्या पलीकडे असेन. म्हणजे फोन आणि मी दोघंही चालू स्थितीत असू की नाही यात निदान एकाची लेखी हमी होती. दुसऱ्याची रक्त-लघवी दर सहा महिन्यांनी तपासतात आणि "सध्या ठीक आहे" एवढंच सांगतात.

दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने मला आपादमस्तक पाहिलं आणि माझ्याविषयीचा तिसरा समज तयार केला. "काका, व्हॉट्सॲपच चालवायचंय ना? अठरा हजारात मस्त येतो." त्याने तो काढूनही ठेवला. खरं सांगायचं तर तिघांत त्याचंच निदान अचूक होतं, आणि म्हणूनच त्याचं ऐकणं शक्य नव्हतं.

मी सॅमसंग घेतला. भाच्याला मी वेगवेगळी कारणं देत राहिलो: पडदा, पेन, सर्व्हिस सेंटर जवळ आहे. खरं कारण दोन किमतींच्या वजाबाकीत आहे. तेवीस हजार रुपये. आपल्याविषयी जरा बरं मत असलेल्या कंपनीचा फोन वापरण्याची ही किंमत मला रास्त वाटली. एक लाख सात हजार मोजून वर गबाळा कोण म्हणवून घेईल?

पैसे दिल्यावर त्या मुलाने माझी परवानगी न विचारता फोनवर टेम्पर्ड ग्लास बसवली आणि जाडजूड काळ्या कव्हरात तो कोंबला. आता गंमत पाहा. या फोनच्या काचेचं वैशिष्ट्य असं, की तिच्यात प्रतिबिंब फार कमी पडतं. उन्हातही पडदा नीट दिसतो. वर साधी काच चिकटवली की ते वैशिष्ट्य गेलं. टायटॅनियमची कड कव्हराच्या आत गेली. साडेतीनशेचं कव्हर आणि दोनशेची काच मिळून त्यांनी सव्वा लाखाच्या वस्तूचा शेजारच्या अठरा हजारांच्या फोनशी इतका बेमालूम सारखेपणा साधला, की बिल करताना मुलगा क्षणभर चुकीचा उचलत होता. 'अगदी तशीच, पण महागातली' वस्तू घेऊन मी घरी आलो.

पेन मात्र मी वापरतो. पडदा बंद असतानाही पेन ओढून काढलं की काळ्या काचेवर सरळ लिहिता येतं. मी शिरोरेषा देऊन, पाटीवर लिहावं तसं लिहितो. करारमदार अजून आलेले नाहीत. वाण्याची यादी असते. परवा यादी लिहून फोन टेबलावर ठेवला आणि चप्पल शोधायला गेलो. दुकानात उघडून पाहतो, तर साबुदाणा, शेंगदाणे, कापूर यांच्याखाली बायकोच्या ठसठशीत अक्षरात दोन ओळी वाढलेल्या. पहिली: कोथिंबीर, पण वास घेऊन. दुसरी: पिशवी दाराच्या कडीलाच राहिली आहे.